तालुका निधी: गावातल्या संस्थांना छोटी अनुदानं देताना अर्ज, छाननी, हिशेब

घाटवाट
तालुक्याच्या गावी ११ विश्वस्तांचा सार्वजनिक न्यास आहे. पगारी माणूस एकही नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची १२एबी (न्यासाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) तिन्ही आहे. वर्षाला साधारण १० लाख रुपये देणग्या येतात. त्यातून तालुक्यातल्या संस्थांना २५ ते ५० हजारांची अनुदानं द्यायची आहेत, म्हणजे वर्षाला वीसेक. पात्र कोणाला धरायचं, कागद किती मागायचे, पैसे एकरकमी द्यायचे की हप्त्याने, आणि नंतर हिशेब कसा घ्यायचा, यावर जाणकारांचं मत हवं आहे. "चांगल्या माणसांना द्या म्हणजे झालं" हा सल्ला मिळून चुकला आहे, तो सोडून.

सहीशिक्का
सर्वात आधी स्वतःचाच न्यासलेख काढून उद्देशांचं कलम वाचा. "तत्सम धर्मादाय संस्थांना आर्थिक साहाय्य करणे" असं किंवा त्या अर्थाचं वाक्य तिथे आहे का? बऱ्याच न्यासांच्या लेखात शिक्षण, आरोग्य, वाचनालय असं सगळं असतं, पण दुसऱ्या संस्थेला पैसे देण्याचा उल्लेखच नसतो. मग लेखापरीक्षक दरवर्षी शेरा मारतो. कार्यक्षेत्रही बघा. लेखात "शहर" लिहिलं असेल आणि अनुदान वाडीवरच्या शाळेला जात असेल, तर तोही प्रश्नच.

दुसरं, तुमच्या अकरापैकी कोणी बदललं असेल तर त्याचा चेंज रिपोर्ट (बदल कळवण्याचा अर्ज) धर्मादाय कार्यालयात दाखल झाला आहे ना? मुदत ९० दिवसांची आहे. परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातला न्यासाचा नोंदणी उतारा) जी नावं आहेत तीच कायद्याच्या लेखी विश्वस्त. बँकेत सही करणारा आणि परिशिष्टावरचा माणूस वेगळे निघाले, की एखादा नाराज अर्जदार नेमकं तिथेच बोट ठेवतो.

हेच दोन निकष अर्जदार संस्थांनाही लावा. परिशिष्ट एकचा ताजा उतारा मागा आणि अर्जावर सही करणाऱ्याचं नाव त्यात शोधा. एकाच संस्थेच्या दोन कार्यकारिणी आणि दोघांचे परस्परविरोधी चेंज रिपोर्ट प्रलंबित, हा प्रकार आपल्याकडे फार. अशा ठिकाणी अनुदान मंजूर करू नका. "नाकारलं" असंही लिहू नका. "वाद मिटेपर्यंत स्थगित" एवढंच कळवा.

खतावणी
आयकराचा मुद्दा आधी सांगून टाकतो, कारण यात बहुतेक जण फसतात. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. सगळ्यांच्या तोंडी जुनेच असल्याने मी जुने वापरतो. सीएकडून नवे क्रमांक मागून घ्या.)

न्यासाने उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी धर्मादाय कामावर खर्च करायची आणि १५ टक्के शिल्लक ठेवता येते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण २०२३ च्या वित्त कायद्यापासून दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेली देणगी तुमच्या खर्चात फक्त ८५ टक्केच धरली जाते. तुमचं कामच देणग्या देण्याचं, म्हणून हा नियम तुम्हाला सर्वात जास्त लागतो.

आकड्यात बघा. उत्पन्न १०,००,०००. छपाई, लेखापरीक्षण, प्रवास मिळून खर्च ४०,००० (हा पूर्ण धरला जातो). खर्च दिसायला हवा ८,५०,०००, म्हणजे अनुदानातून ८,१०,००० दिसायला हवेत. त्यासाठी प्रत्यक्षात ९,५२,९४१ रुपये वाटावे लागतील. हाती उरले ७,०५९. "दीड लाख शिल्लक ठेवू, पुढच्या वर्षी कामी येतील" हा हिशेब अनुदान देणाऱ्या न्यासाला चालत नाही.

दोन पोटनियमही लक्षात ठेवा. "कॉर्पस" (न मोडता जपून ठेवायचा कायम निधी) म्हणून दुसऱ्या न्यासाला दिलेली देणगी खर्चात मुळीच धरत नाहीत, तेव्हा मंजुरीपत्रात तो शब्द चुकूनही येऊ देऊ नका. आणि फॉर्म १० भरून पाच वर्षांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम नंतर दुसऱ्या न्यासाला देता येत नाही. ती स्वतःच्या कामावरच खर्च करावी लागते.

उलटतपासणी
मग देणगी देऊच नका. शाळेला कपाट हवंय? कपाट न्यासाने विकत घ्यायचं, बिल न्यासाच्या नावाचं, वस्तू शाळेत पोचवायची. पूर्ण १०० टक्के खर्च धरला जाईल.

खतावणी
@उलटतपासणी, हो, पण ते खरोखर तुमचं काम असेल तरच. दरपत्रकं तुम्ही मागवली, दुकानदाराला पैसे तुमच्या खात्यातून गेले, वस्तू मिळाल्याची पोच शाळेने दिली, आणि मूळ उद्देशांत शाळांना साहित्य पुरवणं बसतं, असं सगळं असलं तर तो थेट खर्च. संस्थेच्या खात्यात पैसे टाकून तिच्याकडून तुमच्या नावाचं बिल आणून घेतलं, तर ती देणगीच. लेखापरीक्षक बँक पासबुक बघतो, बिल नंतर.

ज्यांची स्वतःची नोंदणी किंवा १२एबी नाही अशांसाठी मात्र ही वाट सर्वात बरी. बचत गट, भजनी मंडळ, तरुण मंडळ यांना रोख किंवा चेक न देता वस्तू द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचं वेगळं बँक खातं असतं. वस्तू दिली तर समितीचा ठराव आणि मुख्याध्यापकांची पोच, एवढं पुरतं. वस्तू शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत चढली का, त्या पानाचा फोटो मागा. ज्या वस्तूची तिथे नोंद नाही ती मुख्याध्यापकांच्या बदलीनंतर कोणाचीच नसते.

सहीशिक्का
मंडळांच्या बाबतीत एक गफलत होते. गणेशोत्सवासाठी सार्वजनिक न्यास कायद्याच्या ४१सी कलमाखाली मिळालेली परवानगी म्हणजे नोंदणी नव्हे. ती त्या उत्सवापुरती वर्गणी गोळा करायची मुभा आहे. अर्जाला तो कागद जोडून "आम्ही नोंदणीकृत आहोत" म्हणणारे दरवर्षी भेटतील.

दोन टाके
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, पैसे घेणाऱ्यांच्या. २५ हजारांसाठी १७ पानी अर्ज, पाच वर्षांचे ताळेबंद, "थिअरी ऑफ चेंज" (कामातून बदल कसा घडेल याची मांडणी) आणि लाभार्थ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स मागणारे देणगीदार आहेत. दोन माणसांवर चालणाऱ्या संस्थेचे यात आठ दिवस जातात. त्या आठ दिवसांची किंमत मांडली तर अनुदानातलं उरतं काय?

कागद सहाच मागा: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२एबीचा आदेश, संस्थेच्या नावाचा रद्द केलेला चेक, गेल्या एका वर्षाचा लेखापरीक्षित जमाखर्च, आणि अर्ज करण्याचा कार्यकारिणीचा ठराव. अर्ज दोन पानी, मराठीतून, हाताने लिहिलेला चालेल असं स्पष्ट छापा. ते छापलं नाही तर लोक इंग्रजीतून लिहून देणारा शोधतात, आणि मग सगळे अर्ज एकाच माणसाने लिहिल्यासारखे दिसतात. बऱ्याचदा लिहिलेलेही असतात.

आधार कार्डं मागूच नका. बालगृह, एचआयव्हीग्रस्त मुलं, कौटुंबिक हिंसेतून आलेल्या बायका यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांकडून नावांची यादीसुद्धा नको. संख्या आणि वयोगट पुरे. फोटोत मुलांचे चेहरे नकोत. पाठमोरे, किंवा फक्त हात आणि वस्तू.

खतावणी
+१, सहा कागद पुरेत. फक्त १२एबीच्या आदेशावरची मुदत वाचा. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते, आणि नंतर फॉर्म १०एबी भरून नियमित करून घ्यायची असते. लहान संस्थांत तीन वर्षांपूर्वीचा कागद फाइलला लावलेला असतो आणि "आमचं झालंय" असं मनापासून सांगतात. मुदत उलटलेली असली तर तुमची देणगी खर्चात धरायला अडचण येते. अशा संस्थेला नकार देण्यापेक्षा तिच्या सीएच्या फीचे चार-पाच हजार तुम्ही उचला, ते जास्त उपयोगी अनुदान ठरेल.

पाटाचे पाणी
कागदांवर बरंच झालं, मागणी तपासण्यावर लिहितो. अर्जात वस्तूचं नाव असतं, गरज नसते. सर्वात जास्त येणारी मागणी शाळेसाठी आरओ (पाणी शुद्ध करायचं यंत्र). ती एकच घेऊन दाखवतो.

पहिला प्रश्न: पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती? मीटर काही शे रुपयांत मिळतो, न्यासाने एक घेऊन ठेवा. पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. गावच्या नळाला किंवा विहिरीला २५०–३०० येत असेल तर आरओची गरज नाही. आरओ अंदाजे एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकतो. उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या गावात हे यंत्र बसवणं म्हणजे टँकरचं पाणी गटारात सोडणं.

दुसरा: त्रास नेमका कशाचा? पावसाळ्यात गढूळ पाणी आणि मुलांची पोटं बिघडतात, असं असेल तर प्रश्न टीडीएसचा नाहीच. गाळणी आणि क्लोरीन हवं. गढूळ पाण्यात जंतू मारणारा यूव्हीचा दिवाही नीट काम करत नाही, किरण गाळाला अडतात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ब्लीचिंग पावडर टाकतो, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं का याची चाचणी) करतो. शाळेच्या नळाला शेवटी लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतं का, एवढं बघा. उरत नसेल तर शाळेच्या टाकीची सफाई, झाकण आणि डोसिंगची सोय यातच काम भागतं.

तिसरा: फ्लोराइड किंवा नायट्रेट आहे का? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, आणि ते ना चवीला कळतं ना टीडीएस मीटरवर. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेचा अहवाल मागा. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल आणि दुसरा स्रोत नसेल, तिथे आरओ योग्य.

आता क्षमता. १८० मुलं, माणशी दीड लिटर, म्हणजे दिवसाला २७० लिटर. दरपत्रकात ताशी २५ लिटरचं यंत्र असतं, कारण ते बजेटात बसतं. त्याला २७० लिटर भरायला जवळपास ११ तास लागतील. शाळा चालते सहा तास. त्यात वीज जाते ती वेगळीच. ताशी ५० लिटरचं आणि ३०० लिटरची साठवण टाकी असेल तरच जमेल.

आणि शेवटी, दुसऱ्या वर्षी काय? गाळणीची कार्ट्रिज तीन ते सहा महिन्यांनी बदलायची, मेम्ब्रेन दोन-तीन वर्षांनी. तो खर्च कोण करणार हे अर्जात नावानिशी लिहून घ्या. "शाळा करेल" हे उत्तर नव्हे. शाळेचं वार्षिक अनुदान किती आणि त्यातून कशाकशाला पैसे जातात हे मुख्याध्यापकांना विचारलं की खरं कळतं. म्हणून यंत्राच्या किमतीसोबत तीन वर्षांच्या देखभाल कराराचे पैसे त्याच अनुदानात धरा. यंत्र एक कमी बसलं तरी चालेल.

घाटवाट
हे फारच उपयोगी. मग सायकली, शिलाई मशीन यांचंही असंच?

पाटाचे पाणी
शिलाई मशीनच्या अर्जात मशीन असतं. मोटर, टेबल, स्टूल, जास्तीच्या सुया-बॉबिन, कात्री, सरावाचं कापड, भाडं नसतं. सहा मशीन मागितली असतील तर चार द्या आणि उरलेल्या पैशात बाकी सगळं बसवा. वर्ग जिथे आहे तिथे किती पॉइंट आहेत, मीटर कोणाच्या नावावर आहे तेही विचारा.

सायकलीला आधी सरकारी योजना तपासा. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी थेट खात्यात पैसे मिळतात. तिथे त्याच मुलींना पुन्हा सायकल देण्यात अर्थ नाही. सायकल आहे पण पंक्चरचं दुकान सहा किलोमीटरवर, हा प्रश्न खरा असतो. शाळेत एक पंप, पंक्चरची पेटी, दोन पान्हे आणि ते वापरायला शिकलेली दोन मुलं, हे अनुदान पाच हजारांच्या आत बसतं.

दरपत्रक जीएसटी आणि वाहतुकीसकटच घ्या. ते नंतर येऊन अंगावर पडतं आणि संस्था मग एक वस्तू कमी घेते.

दोन टाके
वस्तूंवर एवढी चर्चा चालली आहे म्हणून: वस्तूंना देणारे खूप आहेत. हिशेब लिहिणाऱ्याचं मानधन, कार्यकर्तीचं एसटी भाडं, जागेचं भाडं, वीजबिल यांना कोणी देत नाही, कारण तिथे फोटो येत नाही. प्रत्येक अनुदानात १० ते १५ टक्के "संस्था चालवण्यासाठी, तपशील न मागता" असं ठेवा. आणि वर्षाला दोन अनुदानं तरी अशी ठेवा जी पूर्णच चालू खर्चासाठी असतील.

उलटतपासणी
तपशील न मागता? देणगीदार विचारतील की.

दोन टाके
विचारू देत. ५० हजारांतले ५ हजार एसटी आणि झेरॉक्सला गेले हे उघड लिहिलेलं चांगलं, की संस्थेने त्यासाठी कपाटाचं बिल फुगवलेलं चांगलं? असा खर्च नाकारलात की खोटी बिलं जन्माला येतात.

सहीशिक्का
निवडीच्या बैठकीबद्दल. गुण देणारे तिघे असू द्या. बैठकीआधी त्यांनी एकमेकांशी न बोलता गुण लिहून पाकिटात द्यायचे: गरज, लोकांचा सहभाग, काम पुढे टिकेल का, अंदाजपत्रक खरं वाटतं का. प्रत्येकाला पाच, एकूण वीस. सरासरी काढून मोकळे होऊ नका. ज्या अर्जात तिघांच्या गुणांत चारहून जास्त फरक आहे तेवढेच चर्चेला घ्या. एकाला काहीतरी माहीत असतं जे बाकी दोघांना नसतं, आणि ते बाहेर यायला हवं.

हितसंबंध: विश्वस्ताची बहीण ज्या संस्थेची सचिव आहे तिचा अर्ज आला, तर तो विश्वस्त "मत देणार नाही" एवढं पुरेसं नाही. त्याने खोलीबाहेर जायचं, आणि प्रोसिडिंग बुकात "अमुक वाजता बाहेर गेले, अमुक वाजता परत आले" असं लिहायचं. विश्वस्त किंवा त्यांच्या नातेवाइकांना न्यासाच्या पैशातून फायदा झाला तर आयकराची सवलतच धोक्यात येते. हा नियम सभ्यतेपुरता नाही.

नाकारलेल्यांना पत्र नक्की पाठवा, कारणासकट, दोन ओळींचं. तालुक्यात सगळे एकमेकांना बाजाराच्या दिवशी भेटतात.

खतावणी
पैसे पाठवताना. एनईएफटी खाते क्रमांकावर जाते, नावावर नाही. एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात, आणि परत मिळवायला महिनोन् महिने. आधी १ रुपया पाठवा, संस्थेच्या खजिनदाराने पासबुक भरून आणून दाखवलं की उरलेले पाठवा. बँकेच्या ॲपवर खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय आली आहे, तीही वापरा. कुठल्याही परिस्थितीत सचिवांच्या वैयक्तिक खात्यावर किंवा त्यांच्या फोनमधल्या क्यूआरवर पाठवू नका, "संस्थेचं खातं सध्या बंद आहे" म्हणाले तरी. खातं बंद का आहे, हा पुढचा प्रश्न.

रोखीने अजिबात नको. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० च्या वर रोख दिली तर तो खर्च धरतच नाहीत. चेक देणार असाल तर तो तीन महिने चालतो. समारंभात दिलेला चेक खणात पडून बाद होणं नेहमीचं आहे. आणि ३१ मार्चच्या आत रक्कम प्रत्यक्ष दिली गेली असेल तरच त्या वर्षाचा खर्च, नुसता मंजुरीचा ठराव पुरत नाही.

हप्ते: २५ हजारांपर्यंत एकरकमी. ५० हजार असतील तर ७० टक्के आधी, ३० टक्के पहिल्या खर्चाचा हिशेब आल्यावर. त्याहून जास्त तुकडे करू नका, तुमचाच खजिनदार दमेल.

घाटवाट
आमच्या देणग्यांपैकी निम्म्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतात, ८०जीमुळे. ३० तारखेला आलेले पैसे ३१ ला कसे वाटणार?

खतावणी
फॉर्म ९ए. चालू वर्षात खर्च करता आला नाही तर पुढच्याच वर्षात करू, असा पर्याय त्यात मुदतीत नोंदवायचा. फॉर्म १० पेक्षा हा वेगळा आहे, दोन्हींची गल्लत करू नका. आणि पुढच्या वर्षी तो नक्की खर्च करायचा, तिथे सूट नाही.

देणगीदारांच्या बाजूने: २,००० च्या वरच्या रोख देणगीला ८०जी नाही. वस्तूरूप देणगीलाही नाही. पावतीवर पॅन लिहून घ्या, कारण फॉर्म १०बीडी (देणगीदारांची माहिती आयकर खात्याला देण्याचा) ३१ मेपर्यंत भरायचा असतो आणि उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. पॅनमधला पाचवा आणि सहावा वर्ण तपासा. तिथे अक्षर संपून आकडा सुरू होतो, आणि हस्ताक्षरात "एस" आणि "५", "ओ" आणि "०" सारखेच दिसतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ४० देणगीदारांना फोन करत बसण्यापेक्षा पावती फाडतानाच मोठ्याने वाचून दाखवा.

लांबची गाडी
परदेशातल्या गावकऱ्यांकडून देणगी घ्यायची असेल तर? गावचे बरेच जण अमेरिका-इंग्लंडात आहेत.

सहीशिक्का
पासपोर्ट कोणता ते बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्टची प्रत फाइलला ठेवा. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं तो, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, परदेशी स्रोत. त्याच्याकडून एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही, मग तो आपल्याच आळीत वाढलेला असो. महाराष्ट्र मंडळासारख्या तिकडच्या संस्थेने पाठवलेले पैसेही परदेशीच.

एफसीआरए नोंदणी काढू असं कोणी सुचवलं तर: २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. तुमचं कामच पुढे देण्याचं, त्यामुळे ती नोंदणी तुमच्या उपयोगाची नाही. त्या गावकऱ्यांना थेट एफसीआरए असलेल्या संस्थेची नावं द्या.

उलटतपासणी
कायम निधी उभारायचा विचार आहे का? दरवर्षी झोळी फिरवण्यापेक्षा तो बरा.

खतावणी
गणित बघा. ५ लाखांची ठेव, ७ टक्के व्याज, वर्षाला ३५ हजार. म्हणजे एक अनुदान. त्यासाठी आजच्या ५ लाखांतून होणारी दहा-बारा अनुदानं थांबवायची का, हा निर्णय विश्वस्तांचा. कॉर्पस घ्यायचाच तर देणगीदाराचं लेखी पत्र, कायद्याने ठरवलेल्या ठिकाणीच गुंतवणूक, आणि खात्यात वेगळी नोंद. नेहमीच्या ठेवीत मिसळलात तर कॉर्पसची सवलत जाते.

सहीशिक्का
"वडिलांच्या नावे निधी, व्याज फक्त अमुक शाळेच्या पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला" अशा अटीचे निधी टाळा. शाळा बंद पडते, पट घसरतो, अट तशीच राहते. समुदाय निधी ही कल्पना निघाली त्यामागे हेच कारण होतं. १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने जुन्या मृत्युपत्रांच्या कालबाह्य अटींत अडकलेले पैसे बघून असा निधी काढला, जिथे गरज बदलली तर समिती उपयोग बदलू शकते. नाव वडिलांचं ठेवा, पण अटीत "किंवा न्यासाला योग्य वाटेल त्या शैक्षणिक कामासाठी" हे शब्द घालून घ्या.

दोन टाके
हिशेब घेण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मूळ बिलं मागू नका, ती संस्थेच्या स्वतःच्या लेखापरीक्षणाला लागतात. झेरॉक्स घ्या. पण मूळ बिलावर "अमुक न्यासाच्या अनुदानातून खर्च, तारीख" असा शिक्का मारून मग झेरॉक्स. नाहीतर तेच बिल दोन देणगीदारांना दाखवलं जातं, कधी मुद्दाम, बऱ्याचदा नुसत्या गोंधळाने. शिक्का तुम्हीच ८०–१०० रुपयांत करून मंजुरीपत्रासोबत द्या. पेट्रोल पंप आणि मॉलच्या चकचकीत कागदावरच्या पावत्या चार-सहा महिन्यांत पांढऱ्या पडतात, त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी.

उपयोगिता दाखला एका पानाचा: रक्कम मिळाल्याची तारीख, कशावर किती, बिल क्रमांक, शिल्लक किती, आणि एक ओळ "ठरल्यापेक्षा काय वेगळं झालं". ही शेवटची ओळ सर्वात कामाची. ती भरली म्हणून पुढच्या वर्षी अर्ज बाद होणार नाही, हे मंजुरीपत्रात लिहा, नाहीतर सगळे "काही नाही" लिहितात. शिल्लक २,००० च्या आत असेल तर परत मागू नका, त्याच कामावर खर्च करू द्या.

पाटाचे पाणी
भेट एकदा तरी, न सांगता नाही, सांगूनच. अचानक गेलात तर कार्यकर्ती फिरतीवर असते आणि कुलूप बघून परत येता. आधी कळवून जा, फक्त वस्तू वापरात आहे का ते वस्तूकडेच बघून ठरवा. शिलाई मशीनच्या सुईखाली धूळ, आरओच्या मीटरवरचे युनिट, नोंदवहीतल्या शेवटच्या सहीची तारीख.

घाटवाट
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. एक शेवटचं. अर्जाचं वेळापत्रक कसं ठेवावं?

सहीशिक्का
दोन फेऱ्या. शाळा-वसतिगृहांसाठी अर्ज फेब्रुवारी–मार्चमध्ये, पैसे मेअखेर, म्हणजे जूनला शाळा उघडताना वस्तू जागेवर. बाकीच्यांसाठी अर्ज जुलैअखेर, भेटी सप्टेंबरात, निर्णय ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आणि रक्कम दिवाळीआधी. उपयोगिता दाखले फेब्रुवारीअखेर. ऑगस्टमध्ये भेटी ठेवू नका, भातलावणी आणि भरलेले ओढे दोन्ही आडवे येतात.

दोन टाके
आणि धनादेश वाटपाचा समारंभ करणार असाल तर संस्थांना दुपारी दोनला बोलवा. शेवटची एसटी सहाची असते.